डोमेन दिलं की रेंज का चुकते?

प्रश्न : सर, मी अकरावी सायन्सला आहे. य = क्ष² − ६क्ष + ५ ची नुसती रेंज (य च्या येऊ शकणाऱ्या सगळ्या किमती) काढा म्हटलं की जमतं, पण परवा टेस्टला डोमेन (क्ष ला घालता येणाऱ्या किमती) ० ते ४ दिलं होतं. मी क्ष ला ० घातला तर ५ आले, ४ घातला तर −३ आले, म्हणून −३ ते ५ लिहिलं. त्यावर काट मारलीय. का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अगं, काट बरोबरच आहे की. तू दोन टोकं बघितलीस आणि मधल्या भागाकडं ढुंकूनही बघितलं नाहीस. क्ष = ३ घालून बघ, ९ − १८ + ५, म्हणजे −४, आणि हे तर तुझ्या −३ च्याही खाली गेलं. रेंज −४ ते ५.

आता हा ३ कुठनं आला? सूत्र तुला पाठ असणारच, −ब भागिले २अ (अ म्हणजे क्ष² चा गुणक, ब म्हणजे क्ष चा), पण मी म्हणतो एकदा पूर्ण वर्ग करून बघ : (क्ष − ३)² − ४. वर्ग काही केल्या ऋण होत नाही, कमीत कमी शून्य, आणि तो शून्य होतो क्ष ३ असताना, मग उरतात −४. डोमेन दिलंच नसेल तर क्ष ला कुठलीही वास्तव संख्या चालते, छेद नाही की वर्गमूळ नाही, अडणार कुठं? तेव्हा रेंज −४ पासून वर अनंतापर्यंत, −४ ला चौकोनी कंस कारण ती किंमत खरंच येते, अनंताला कायम गोल.

गंमत म्हणजे डोमेन ४ ते ६ असतं तर तुझं −३ ते ५ हेच उत्तर बरोबर होतं, कारण ३ त्या डोमेनमध्ये येतच नाही, मग टोकं पुरतात. म्हणून आधी शिरोबिंदू (जिथं आलेख वळतो तो बिंदू, इथं क्ष = ३) डोमेनच्या आत आहे का ते बघायचं, टोकं नंतर.

शाब्दिक गणितात तर डोमेन आपल्यालाच ठरवायला लागतं. शाहू स्टेडियमवर बॉल सेकंदाला २० मीटर वेगानं सरळ वर उडवला तर उंची साधारण २०ट − ५ट² मीटर (ट म्हणजे सेकंद, हवेचा विरोध सोडून दे). ४ सेकंदांनी बॉल परत जमिनीवर, त्यामुळं डोमेन ० ते ४, त्यापुढं सूत्र उंची ऋण दाखवायला लागतं. दोन्ही टोकांना उंची शून्य, म्हणजे तुझ्या पद्धतीनं बॉल जाग्यावरनं हललाच नाही! ट = २ ला ४० − २० = २०. वर्गाच्या पदाआधी वजा आहे म्हणून इथं शिरोबिंदूला सगळ्यात मोठी किंमत मिळते, रेंज ० ते २० मीटर.