काकूंचा अर्ज लिहायला घेण्याआधी

चि. वकीलबाई,

साठीनंतर घटस्फोट मागायला तुझ्याकडे आलेल्या काकूंना ‘आता या वयात?’ असं मात्र विचारू नकोस. भावानं, जावेनं, सोसायटीतल्या बायकांनी ते विचारून झालंय. ‘धाकट्याचं लग्न होईपर्यंत थांबते’ म्हणत जिनं संसार ओढला, तिचा निर्णय घाईचा नसतो. मुलं पुण्याला, बंगळुरूला गेली की घरात दोघंच उरतात. नाशिकच्या सुखवस्तू गंगापूर रोडला हे घडतं, मध्यमवर्गीय सिडकोतही घडतं.

समजूत घालायला कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक आहेत. तू एवढंच विचार : काकूंना घटस्फोट हवाय की वेगळं राहायचंय? पुष्कळ जणींना रोजचा अपमान थांबायला हवा असतो, आणि त्यासाठी नातं कायद्यानं तोडावंच लागतं असं नाही. काका सरकारी पेन्शनर असतील तर घटस्फोटानंतर काकूंचा कुटुंब निवृत्तिवेतनावरचा, म्हणजे काकांच्या पश्चात पत्नीला मिळणाऱ्या पेन्शनवरचा, हक्क जातो. वारस म्हणूनही त्या उरत नाहीत. साठीनंतर हे नुकसान भरून निघत नाही गं, म्हणून इतकं बजावते आहे.

पोटगीचा हक्क राखून वेगळं राहण्याची सोय १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. त्यासाठी क्रूरतेसारखं कारण दाखवावं लागतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली न्यायिक विभक्तता, म्हणजे कोर्टाच्या हुकमानं वेगळं राहणं, घेता येते; विवाह टिकतो. पण कोर्टाच्या त्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, तर त्याच आधारावर काकाही घटस्फोट मागू शकतात. हे काकूंना आधीच सांग, नंतर कळलं तर त्या खचतील.

एवढं ऐकूनही त्यांना घटस्फोटच हवा असेल तर ठामपणे पाठीशी उभी राहा. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, पण एकाच फ्लॅटमध्ये पती-पत्नी म्हणून न राहणंही त्यात बसतं. अर्जानंतर सहा महिने थांबण्याची मुदत न्यायालय माफ करू शकतं, २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तडजोडीच्या अटींत घर आणि एकरकमी पोटगी लिहून घेच. औषधपाण्याचा खर्चही त्यात धर, कारण काकांच्या मेडिक्लेममधून त्या बाहेर पडतील. तुझी फी परवडत नसेल तर मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठव. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

मुलांना फोन काकूंनी सांगितल्याशिवाय करू नकोस. पुढच्या भेटीला फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), काकांच्या पेन्शनचे कागद आणि स्वतःचं पासबुक घेऊन यायला सांग. मग अर्ज लिहायला बसू.

तुझी,
ताई