गाडीत आणीबाणीसाठी कोणते पाने ठेवावेत? कमी खर्चात मोठा संच घ्यावा की एकच ॲडजस्टेबल पाना पुरेल?

आपल्या प्रश्नात दोन पर्याय आहेत. एकाच पेटीत शंभराहून अधिक नग देणारा स्वस्त संच घ्यावा, की एक ॲडजस्टेबल पाना आणि गाडीसोबत आलेला व्हील पाना यांवर भागवावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही पर्याय सोडून द्यावेत. आपल्या गाडीला प्रत्यक्ष लागणाऱ्या मापांचे सहा-सात चांगले रिंग-फिक्स पाने (एका टोकाला रिंग, दुसऱ्याला उघडे तोंड असलेले) सुटे निवडून घ्यावेत आणि उरलेल्या पैशांतून चाकाच्या नटांसाठी लांब दांड्याचे मजबूत साधन घ्यावे. खर्चाची कात्री नगांच्या संख्येवर चालवावी, पोलादाच्या दर्जावर नव्हे. मोठ्या संचांतील नगांची संख्या बहुधा स्क्रू-ड्रायव्हरच्या छोट्या बिटांनी फुगवलेली असते, आणि त्यातील बहुतेक बिटांना रस्त्याच्या कडेला काहीच काम नसते.

रस्त्यात बंद पडलेल्या गाडीवर सामान्य चालक स्वतः काय करू शकतो, याचा विचार केला की यादी आपोआप लहान होते. पंक्चर झालेले चाक बदलणे, बॅटरीच्या टर्मिनलचा सैल नट आवळणे किंवा बॅटरी सोडवणे, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) रबरी नळीची क्लिप घट्ट करणे, गाडीखाली लोंबणारे प्लॅस्टिकचे आवरण किंवा बंपरचा निसटलेला बोल्ट बसवणे, आणि जुन्या धाटणीची गाडी असेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) सैल पट्टा ताणणे, एवढीच कामे त्यात येतात. ऑइल बदलणे, स्पार्क प्लग काढणे किंवा ब्रेकच्या नळीचे जोड सोडवणे ही रस्त्यावर करण्याची कामे नाहीत, म्हणून त्यांची साधने गाडीत वाहून नेण्याचे कारण नाही.

आता मापांकडे येऊ. पान्यावर लिहिलेला आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर मिलिमीटरमध्ये दाखवतो, बोल्टच्या आट्यांचा व्यास नव्हे. ६ मिमी व्यासाच्या बोल्टला सामान्यतः १० चा पाना लागतो. गाडीत सर्वाधिक उपयोगी पडणारे माप हेच आहे, कारण बॅटरीचे टर्मिनल, आवरणे आणि छोटे ब्रॅकेट बहुतांशी याच बोल्टांवर असतात. ८ मिमी व्यासाच्या बोल्टपासून मात्र फाटे फुटतात. युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत त्याला १३ चा पाना लागतो, तर जपानी पद्धतीच्या गाड्यांत बहुधा १२ चा. १० मिमी व्यासाच्या बोल्टला आंतरराष्ट्रीय मानकानुसार १६, जुन्या जर्मन मानकानुसार १७ आणि जपानी गाड्यांत बहुधा १४ चा पाना बसतो. म्हणूनच तयार संचातील काही पाने एका गाडीत वर्षानुवर्षे न वापरलेले राहतात आणि नेमका हवा असलेला एखादा त्यात नसतो.

त्यामुळे खरेदीपूर्वी एखाद्या निवांत दिवशी गाडीचे बॉनेट उघडून, ओळखीच्या कोणाचा तरी पान्यांचा संच हाती घेऊन, वर सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी कोणते माप नीट बसते ते कागदावर टिपून घ्यावे. बऱ्याच गाड्यांसाठी ८, १०, १२, १३, १४ आणि १७ एवढ्यांत काम भागते. आपल्या यादीत १२ किंवा १३ पैकी एकच आला तर दुसरा घेऊ नये. १० चे मात्र दोन घ्यावेत असे मी आग्रहाने सांगेन. बोल्ट एका बाजूने धरून नट दुसऱ्या बाजूने फिरवावा लागतो तेव्हा दोन लागतात, आणि शिवाय हरवतो तोही नेहमी १० चाच. इंची मापांचे पाने गाडीला खरोखरच इंची बोल्ट असल्याखेरीज घेऊ नयेत. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी असल्याने तो १९ च्या जागी खपून जातो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तो १३ च्या नटावर चढतच नाही आणि १२ च्या नटावर सैल फिरून त्याचे कोपरे खातो.

पान्याच्या प्रकारांत एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडे तोंड असलेला, दोन्ही टोकांना एकच माप असणारा रिंग-फिक्स पाना आणीबाणीच्या पेटीसाठी मला सर्वांत योग्य वाटतो. उघडे तोंड नटाला दोनच बाजूंनी धरते आणि जोर वाढला की स्वस्त पान्याचे जबडे किंचित फाकतात. मग पाना निसटून नट गोल होतो आणि हाताची बोटे जवळच्या पत्र्यावर आपटतात. रिंग नटाला सगळीकडून वेढते, म्हणून पहिला जोर नेहमी रिंगने लावावा आणि नट सैल झाल्यावर उघड्या तोंडाने भराभर फिरवावा. रिंगला आतून बारा कोपरे असतील तर प्रत्येक ३० अंशांवर नवी पकड मिळते, जे अडचणीच्या जागेत सोयीचे असते. सहा कोपऱ्यांच्या रिंगला ६० अंश फिरावे लागते, पण गंजलेल्या किंवा कोपरे झिजलेल्या नटावर तिची पकड अधिक भरवशाची असते. उघडे तोंड दांड्याशी साधारण १५ अंशांनी तिरके ठेवलेले असते. पाना दर खेपेस उलटा करून लावला तर अगदी थोड्या जागेतही नट पुढे सरकतो. ही साधी युक्ती माहीत नसल्याने अनेक जण जागा नाही म्हणून काम सोडून देतात.

ॲडजस्टेबल पाना मी पूर्णपणे बाद करणार नाही, परंतु त्याला दुय्यम स्थान द्यावे. त्याचा सरकता जबडा स्क्रूवर टेकलेला असल्याने थोडी ढिलाई कायम राहते आणि स्वस्त नगांत ती जोर लावताना वाढते. २०० मिमी लांबीचा पाना सुमारे २४ मिमीपर्यंत उघडतो. बोल्टचे डोके धरून ठेवण्यासाठी, किंवा मापाचा पाना नसलेल्या एखाद्या अनपेक्षित नटासाठी तो बरा पडतो. तो वापरताना जबडे नटावर घट्ट बसवून घ्यावेत आणि मुख्य भार स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने ओढावे. चाकाच्या नटावर तो कधीही लावू नये.

स्वस्त आणि टाकाऊ यांतला फरक दुकानात हातात घेऊनच कळतो. बहुतेक चांगले पाने क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे, तापवून साच्यात ठोकून घडवलेले असतात, पण तसे अक्षरांत कोरलेले आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये, कारण ती अक्षरे कोणीही उमटवू शकतो. पोलादाला पाणी नीट दिलेले नसेल (म्हणजे तापवून थंड करून कडकपणा आणण्याची प्रक्रिया नीट केलेली नसेल) तर मिश्रधातू चांगला असूनही पाना एकतर मऊ राहून फाकतो किंवा फार कडक होऊन तडकतो. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दिसणाऱ्या खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. उघड्या तोंडाचे दोन्ही जबडे समांतर आहेत का, रिंगच्या आतील कोपरे स्वच्छ कापलेले आहेत का, मापाचा आकडा ठळक आणि सरळ उमटला आहे का, मुलाम्यावर फोड किंवा सुटलेले पापुद्रे आहेत का, हे पाहावे. सुटलेल्या क्रोमचा पापुद्रा ब्लेडसारखा हात कापतो. सोबत १० आणि १३ चा पाना लागणारे नवे बोल्ट खिशात न्यावेत आणि पाना त्यांवर बसवून किती खेळतो ते तपासावे. चांगला पाना अडखळत नाही आणि डुगडुगतही नाही. पान्याच्या तोंडाच्या मापात किती फरक चालतो हे आयएसओ ६९१ या मानकात ठरवलेले आहे आणि रिंग-फिक्स पान्यांसाठी डीआयएन ३११३ हे जर्मन मानक प्रचलित आहे. पत्रा दाबून बनवलेले पातळ पाने कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

खर्च कमी करण्याचा माझा आवडता मार्ग म्हणजे नामांकित बनावटीचे जुने पाने घेणे. पान्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि जे बिघडते ते लपत नाही: फाकलेला जबडा, झिजलेले कोपरे, वाकलेला दांडा किंवा हातोड्याच्या खुणा. वरवरचा गंज असला तर तो घासून तेल लावता येते. चाकाच्या साधनाबाबत आणि रॅचेटबाबत (एकाच दिशेला पकड घेणाऱ्या दातेरी दांड्याबाबत) मात्र मी जुना माल टाळतो.

सर्वांत जास्त लक्ष चाकाच्या नटांकडे द्यावे, कारण रस्त्यावर अनेकदा अडचण तीच असते. प्रवासी गाड्यांच्या चाकांना बहुधा १७, १९, २१ किंवा क्वचित २२ चे माप लागते. लहान-मध्यम गाड्यांत हे नट साधारण ९० ते १४० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचे, म्हणजे टॉर्कचे एकक) इतके आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. १०० न्यूटन-मीटरसाठी २५ सेंटिमीटरच्या दांड्यावर सुमारे ४० किलो भाराइतका जोर लागतो, तर ५० सेंटिमीटरच्या दांड्यावर तोच २० किलोवर येतो. नट गंजलेला असेल किंवा कोणी हवेच्या गनने बेसुमार आवळला असेल तर सोडवताना याच्या कितीतरी पट जोर लागू शकतो. गाडीसोबत मिळणारा एल आकाराचा छोटा पाना म्हणूनच अनेकांच्या हातून हलत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे अर्धा इंची चौकोनाची (गोटी बसवायच्या चौकोनी टोकाचे हे माप), सुमारे ५० सेंटिमीटर लांबीची टॉमी, म्हणजे लांब दांडा, आणि तिच्यावर बसणारी आपल्या चाकाच्या मापाची सहा कोपऱ्यांची गोटी, म्हणजे नटावर चढणारे सॉकेट. दुसरा म्हणजे लांबी ओढून वाढवता येणारा व्हील पाना, ज्याच्यासोबत बहुधा १७/१९ आणि २१/२३ अशा दुतोंडी गोट्या येतात. दुसरा आटोपशीर आणि स्वस्त असतो, पण दांडा ताणल्यावर तो जागेवर नीट अडकतो का हे पाहून घ्यावे. मी पहिला पसंत करतो. क्रॉस पान्याला (अधिक चिन्हाच्या आकाराच्या व्हील पान्याला) दोन्ही हातांनी तोल सांभाळून जोर लावता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे, मात्र डिकीत तो फार जागा अडवतो. अलॉय चाकांत नट खोल, अरुंद खोबणीत असतात, तेव्हा गोटीची भिंत पातळ हवी, आणि बोल्टचे टोक नटातून बाहेर येत असेल तर गोटी खोल हवी. काही नटांवर चकचकीत पत्र्याची टोपी चढवलेली असते. आत गंज धरला की ती फुगते आणि १९ ची गोटी तिच्यावर चढेनाशी होते. असे नट वेळेवर बदलून घेणे हेच योग्य, अन्यथा ऐनवेळी कोणताच पाना कामाला येत नाही. चोरीपासून संरक्षणासाठी कुलूप-नट लावले असतील तर त्यांची किल्ली पान्यांसोबतच ठेवावी.

नट सोडवताना चाक जमिनीवर असतानाच, जॅक लावण्यापूर्वी, प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करावा. दांडा नटाच्या डावीकडे आडवा येईल असा बसवला तर खाली दाबून जोर देता येतो. दांड्यावर उभे राहून उड्या मारू नयेत, कारण गोटी निसटली तर पाय आणि नट दोन्ही जातात. बसवताना नट हाताने आट्यांवर चढवून मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासावेत. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकेच आवळणारा पाना) घरी असणे उत्तम, पण आणीबाणीच्या पेटीत त्याची आवश्यकता नाही.

पैसे उरले तर तीन अष्टमांश इंची चौकोनाचे छोटे रॅचेट, एक एक्स्टेन्शन (रॅचेट आणि गोटी यांच्यामध्ये बसणारा जोडदांडा) आणि १०, १२, १३, १४ च्या गोट्या घ्याव्यात. बहात्तर दात्यांचे रॅचेट दर पाच अंशांनी पकड घेते आणि अडचणीच्या जागी त्याचा खरा उपयोग होतो. अडकलेला नट रॅचेटने सोडवू नये. स्वस्त रॅचेटचे दाते तिथेच तुटतात. नळीच्या क्लिपला बहुधा स्क्रू-ड्रायव्हरची खाच आणि ७ किंवा ८ चे षटकोनी डोके दोन्ही असतात, त्यामुळे एक सपाट टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर पेटीत असावाच.

बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढावे आणि जोडताना शेवटी लावावे, म्हणजे धन टोकावरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. हायब्रिड किंवा विजेच्या गाडीत नारिंगी आवरणाच्या, म्हणजे उच्च दाबाच्या तारांच्या आसपास कोणताही पाना लावू नये.

हे सर्व प्लॅस्टिकच्या पेटीऐवजी खिसे असलेल्या जाड कापडी गुंडाळीत ठेवावे. कापडाला तेलाचा हलका हात दिला की गंज चढत नाही, पाने वाजत नाहीत आणि कोणता खिसा रिकामा आहे हे उलगडताक्षणी दिसते. ही गुंडाळी स्टेपनीच्या खोबणीत पट्ट्याने बांधून ठेवावी, कारण धडक बसल्यास सुटा लोखंडी दांडा डिकीतून पुढे येऊ शकतो. पान्यांसोबत जाड हातमोजे, एक डोक्याला लावायचा दिवा आणि आपल्या गाडीच्या नटांची मापे व चाकांचा टॉर्क लिहिलेला कागदही त्यातच ठेवावा.