स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठच्या छोट्या गावात राहताना कंटाळा येत नाही का?

तुम्ही विचारलंय की डंडीच्या नाइनवेल्स हॉस्पिटलात नोकरी लागलीय, तर घर डंडीतच घ्यावं की आर्ब्रोथसारख्या समुद्रकाठच्या गावात, आणि तिथे करायला काय असतं, कंटाळा येत नाही का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, डंडी ते आर्ब्रोथ ट्रेननं वीसेक मिनिटं, लोक रोज ये-जा करतात, जमतं. दुसऱ्यावर मात्र मला जरा बोलायचंय, कारण हाच प्रश्न आमच्या जाऊबाई दर दिवाळीच्या फोनवर विचारतात, आणि प्रश्न म्हणून नाही, निकाल म्हणून. "म्हाताऱ्यांचं गाव गं ते, तुम्ही तिथे करता तरी काय?"

जाऊबाई लंडनच्या, म्हणजे मूळच्या पुण्याच्या पण आता हॅरोच्या. मी रत्नागिरीची, मिरकरवाडा बंदर आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं, त्यामुळे बंदर, मासळी, वास ह्याचं मला कधी काही वाटलंच नाही. त्यांना समुद्र म्हणजे सुट्टीत चार दिवस बघून यायची गोष्ट, ऊन पाहिजे, वाळू पाहिजे, शहाळं पाहिजे. हा आमच्यातला मूळ वाद आहे, आर्ब्रोथ त्यात बिचारं नंतर आलं.

एका मे महिन्यात बँक हॉलिडेला दीर, जाऊबाई आणि पोरं आली. स्टेशनवर उतरली तेव्हा हार पसरलेला. हार म्हणजे इकडचं समुद्री धुकं, उबदार हवा थंडगार नॉर्थ सीवर आली की तयार होतं आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येऊन बसतं, तेही नेमकं उन्हाळ्यात. तिकडे थोडं आत फॉरफरला लख्ख ऊन आणि आमच्याकडे समोरचा सिग्नल दिसत नाही. जाऊबाई बंदरावर उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, समुद्र कुठाय?" दीर म्हणाले, "ऐकू येतोय की." झालं, तिथूनच सुरुवात झाली, की लंडनला आज पंचवीस डिग्री आहे, बार्बेक्यू चालू आहेत, आणि आपण इथे जॅकेट घालून उभे.

मी म्हणलं वहिनी, आधी खाऊन घ्या, मग बोला. आणि त्यांना घेऊन गेले स्मोकी, म्हणजे इथला धुरी दिलेला मासा, खायला.

तुम्ही मासे खात असाल तर हे वाचाच. बंदराला लागून जी जुनी कोळीवस्ती आहे, तिला इथले लोक फिट ओ द टून म्हणतात, तिथे अजून धुरीची घरं आहेत. हॅडॉक मासा, डोकं काढलेला, पोट साफ केलेला, मिठात मुरवून ठेवतात, मग दोन-दोन मासे शेपटीला दोऱ्यानं बांधून जोड्या करतात आणि काठीवर टांगतात. खाली बीच नाहीतर ओक ह्या झाडांच्या लाकडाचा जाळ, वर ओलं गोणपाट. गोणपाट ओलं असल्यामुळे वाफ आणि धूर आत कोंडतो, मासा धुरावतो आणि शिजतोही, म्हणून घरी आणून परत शिजवायची गरज नाही. तासाभराच्या आत वरून तांब्यासारखा रंग येतो. गोणपाट उचललं की जो काही धूर अंगावर येतो ना, माझ्या लोकरीच्या टोपीला त्याचा वास आठवडाभर येत राहतो आणि मी ती मुद्दाम धूत नाही.

गरम स्मोकी कागदात देतात. काटा-चमचा मागू नका. पोटाकडून उघडायची, कण्यावर अंगठ्यानं दाबत जायचं, मग कणा एका बाजूनं धरून अलगद उचलायचा, अख्खा निघून येतो. आतलं मांस पांढरं, ओलसर, थराथरानं सुटणारं. आमच्या दिरांनी बंदराच्या भिंतीवर बसून दोन संपवले. जाऊबाईंनी आधी "मला वास सहन नाही होणार" म्हणत पोराच्या कागदातला एक तुकडा घेतला, मग दुसरा घेतला, मग पोराला म्हणाल्या तू जाऊन अजून आण.

तिथे मी त्यांना सांगितलं की ह्या माशाला युरोपचा जीआयसारखा (भौगोलिक मानांकनाचा) दर्जा आहे, २००४ पासून, गावापासून आठ किलोमीटरच्या आत केलेला असेल तरच आर्ब्रोथ स्मोकी म्हणायचं. आपल्या हापूसला जीआय मिळायला २०१८ उजाडलं. आणि मूळचं हे आर्ब्रोथचंही नाही, वर कड्यावर ऑकमिथी नावाचं एवढंसं गाव आहे तिथलं, तिथले कोळी एकोणिसाव्या शतकात खाली आर्ब्रोथला उतरले आणि धुरीही बरोबर आली. त्या ऑकमिथीच्या बायका नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन पाण्यातून होडीपर्यंत सोडायच्या, पुरुषाचे पाय सुके राहावेत म्हणून, कारण ओल्या पायानं दिवसभर गारठ्यात बसायचं म्हणजे मरणच. स्वतःचे परकर कमरेपर्यंत भिजलेले. ह्यावर दीर खूष झाले आणि जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

(एक बारीक गोष्ट, आता ह्या बंदरात हॅडॉक फारसा उतरत नाही, तो मोठ्या बंदरांतून येतो. इथल्या होड्या खेकडा आणि लॉब्स्टरच्या मागे असतात, धक्क्यावर पिंजऱ्यांची चळत दिसेल ती त्यासाठी.)

तर करायला काय असतं. लंडनमध्ये ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, दुसऱ्याच्या काखेत उभं राहून तासभर जाण्याला तुम्ही ॲक्टिव्हिटी म्हणत असाल तर तसल्या ॲक्टिव्हिटी इथे नाहीत. आमच्याकडे लोक चालतात. व्हिक्टोरिया पार्कच्या टोकापासून लाल दगडाच्या कड्यांवरून ऑकमिथीच्या दिशेनं पायवाट आहे, खाली समुद्रानं दगडात भोकं पाडलेली, कमानी केलेल्या, उन्हाळ्यात पक्ष्यांचा नुसता कलकलाट, नशीब असेल तर पफिनही दिसतो. वाटेत बाक आहेत, प्रत्येकावर कुणाच्या तरी आठवणीची पट्टी, आणि त्यावर बसलेलं माणूस तुमच्याशी हवेबद्दल बोलणारच. आपल्याला आधी अवघड जातं, मग त्याचीच सवय होते.

अंधार पडल्यावर समुद्राकडे बघितलं की दर पाच सेकंदांनी एक उजेड लुकलुकतो. ते बेल रॉकचं दीपगृह, किनाऱ्यापासून अठराएक किलोमीटर आत, भरतीला पूर्ण बुडणाऱ्या खडकावर बांधलेलं, १८११ पासून चालू. त्याच्या माणसांसाठी बंदराजवळ सिग्नल टॉवर होता, दीपगृहवाल्याच्या बायकोला मुलगा झाला की वर पँट चढवायचे आणि मुलगी झाली की परकर, म्हणजे तिकडे बसलेल्या बापाला दुर्बिणीतून कळायचं. आमच्या मुलीला ही गोष्ट इतकी आवडते की आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती सांगते, तुम्ही आलात तर तुम्हालाही सांगेल.

नवऱ्याचा जीव मात्र फुटबॉलमध्ये. गेफील्डचं मैदान समुद्राला इतकं चिकटून की वादळी दिवशी लाटेचं पाणी भिंतीवरून आत येतं. इथल्या आर्ब्रोथ क्लबनं १२ सप्टेंबर १८८५ ला बॉन ॲकॉर्ड नावाच्या टीमला ३६-० असं हरवलं होतं, आणि गावातला कुणीही म्हातारा हे तुम्हाला स्वतः खेळल्यासारखं सांगेल. हरलेली मॅच बघत गरम मीट-पाय (मटण भरलेली पेस्ट्री) खात आणि बोव्हरिल (बीफच्या अर्काचं गरम पेय) पीत वाऱ्यात उभं राहण्यात काय सुख आहे हे मला विचारू नका, पण तो घरी येतो तेव्हा खूष असतो.

आणि संध्याकाळी फिश सपर, म्हणजे तळलेला मासा आणि चिप्स. इथे कॉड नाही, हॅडॉकच, वर मीठ-व्हिनेगर, आणि ते गाडीत बसून खा, कारण इथले सीगल हातातून चिप्स नेतात, लहान पोर बघून तर नेमके नेतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, जेवण झाल्यावर माणसं परत किनाऱ्यावर. उरलेल्या स्मोकीचं मी किसमूर करते, काटे काढून कुस्करायची, कांदा, ओलं खोबरं, मिरची, थोडं चिंचेचं पाणी. सुकटीची आठवण भागते. इथल्या शेजारणीला दिलं तर म्हणाली असला चांगला मासा असा का बिघडवतेस. बरोबर आहे तिचं तिच्या जागी, मी अजूनही करते.

आता तुम्हाला "लंडन सोडून तिकडे कशाला" म्हणणारे नातेवाईक असतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका, पण घालायचाच असेल तर एवढं विचारा की तुमच्या घरापासून पायी जाता येईल अशी कुठली गोष्ट तुम्ही मागच्या महिन्यात पैसे न देता केलीत. मी विचारलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "पार्क आहे की." मी म्हणलं, गेलात? त्यावर फॅमिली ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. स्मोकी संपवून हात चाटून झाल्यावरही त्यांचं मत तेच राहिलं, गाव म्हाताऱ्यांचं. असू दे. म्हातारे आहेतच इथे खूप, आणि पार्सल घेऊन ठेवणारे, बर्फ वितळावा म्हणून आपल्या दारापुढे मीठ टाकून जाणारे तेच आहेत.

बरं, हे सगळं वाचून लगेच घर बुक करू नका. डिसेंबरात दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो आणि वारा असा की छत्री ही वस्तू विसरायची. समुद्रात पोहायचं स्वप्न असेल तर ऑगस्टमध्येही पाणी १४-१५ डिग्रीच्या वर क्वचितच जातं. हाय स्ट्रीटवर बंद पडलेली दुकानं आहेत, संध्याकाळी सामसूम होते, कढीपत्ता-कोथिंबिरीची चैन करायची तर डंडीच गाठावी लागते. एकटे असाल, वय पंचविशीच्या आसपास असेल, तर पहिलं वर्ष डंडीतच काढा, हे मी जाऊबाईंसमोर बोलणार नाही. लहान मूल असेल तर मात्र सरळ इकडे या.

आणि नाइनवेल्स डंडीच्या पश्चिम टोकाला आहे, स्टेशनला लागून नाही, तेव्हा ट्रेनच्या वीस मिनिटांत पुढच्या बसचा वेळ धरा. रात्रपाळी असेल तर घर बघायच्या आधी शेवटच्या ट्रेनचं टाइमटेबल बघा.