रेसचा ग्रेहाऊंड घ्यायचाय, पण कुठल्या वाटेने?

तुम्ही पूर्व लंडनमधल्या रोमफर्डच्या ग्रेहाऊंड ट्रॅकजवळ फ्लॅटमध्ये राहता, ऑफिसातले चौघे मिळून रेसचा ग्रेहाऊंड घ्यायचं चाललंय, आणि तो ठेवायचा कुठे नि खर्च किती, हा तुमचा प्रश्न. ठेवण्याची चिंता सोडा. इंग्लंडमध्ये परवानाधारक ट्रॅकवर पळणारा कुत्रा मालकाच्या घरी नसतो, ट्रेनरच्या केनेलवर, म्हणजे कुत्रे ठेवायच्या जागेवर असतो. ट्रेनरचा ज्या ट्रॅकशी करार, तिथेच तो बहुतेक वेळा पळतो. म्हणून आधी ट्रेनर ठरवा आणि मग कुत्रा बघा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

चौघे आहातच, तर सिंडिकेट करा, म्हणजे एका कुत्र्याची मालकी वाटून घ्या. एकट्याने पहिला कुत्रा घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. केनेलचं बिल रोजच्या दराने लागतं, महिन्याला अडीचशे-तीनशे पौंड धरून चाला. साध्या ग्रेडची (कुत्र्यांचे वेगानुसार पाडलेले गट म्हणजे ग्रेड) रेस जिंकली तरी तेवढे निघत नाहीत. चार जणांत वाटलं की हौस परवडते. फक्त चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: कुत्र्याला दुखापत झाली तर प्राण्यांच्या डॉक्टरचा खर्च कसा वाटायचा, विकायचा निर्णय कोणाचा, एखादा मध्येच बाहेर पडला तर त्याच्या वाट्याचं काय, आणि निवृत्तीनंतर कुत्र्याचं काय. तोंडी ठरलेलं पहिल्या लंगडण्यापर्यंतच टिकतं. आपसातलं सिंडिकेट नको असेल तर काही ट्रेनर तयार गटात वाटा देतात, तेही चालेल.

तुमच्या मेलबर्नच्या चुलतभावाने सांगितलेलं खर्चाचं गणित इथे लावू नका. तिकडे बरेच ट्रेनर बक्षिसाचा निम्मा वाटा घेऊन कुत्रा सांभाळतात, मालकाला रोजचं बिल नसतं. इथे जिंको वा हरो, बिल येणारच.

पिल्लू घ्यायचा मोह होईल, कारण किंमत कमी वाटते. पण १५ महिन्यांचं होईपर्यंत इथे ते रेसमध्ये उतरू शकत नाही. तोवर खाणं, वाढवणं, नकली सशामागे धावायला शिकवणं, सगळा खर्च तुमचाच, आणि शेवटी ते ट्रायलमध्ये, म्हणजे वेळ मोजून घेतलेल्या चाचणी-धावेत, कुठल्या ग्रेडलाच बसत नाही, असंही होतं. त्यापेक्षा ट्रायल दिलेला किंवा पळत असलेला कुत्रा बघा. इथले बहुतेक ग्रेहाऊंड आयर्लंडमध्येच जन्मलेले असतात. दोन्ही कानांत टॅटू दिसला तर आयरिश समजा. चार वर्षांच्या पुढचा स्वस्तात मिळाला तर हुरळू नका, त्याचे पळायचे दिवस थोडेच उरलेले असतात. मादी घेतलीत तर ती माजावर आली की काही महिने रेस बंद, पण बिल चालू.

रेसच्या रात्री वजनकाट्याजवळ काय चालतं ते बघाच. प्रत्येक कुत्र्याचं वजन होतं आणि मागच्या रेसच्या तुलनेत एक किलोहून जास्त फरक पडला की त्याला पळूच देत नाहीत. तुम्ही मित्रांना तिकीट काढून बोलावलेलं असतं नि कुत्रा केनेलकडे परत! पळालाच तर रोमफर्डच्या ४०० मीटरला साधारण २५ सेकंद. कुठला कुत्रा कुठला, ते सुरुवातीच्या पेटीच्या नंबराप्रमाणे जॅकेटवरून ओळखा: एकला लाल जॅकेट, दोनला निळं, तीनला पांढरं, चारला काळं, पाचला नारिंगी, सहाला काळे-पांढरे पट्टे. जिंकला की पुढे त्याला वरच्या ग्रेडमध्ये घालतात, त्यामुळे सलग विजयांची स्वप्नं बघू नका. सट्ट्याच्या नादाने मालक व्हायचं असेल तर तो पैसा बँकेत ठेवा.

निवृत्तीचं मात्र आजच ठरवा. २०२० पासून नोंदणीच्या वेळीच ४०० पौंडांची अनामत घ्यायला सुरुवात झाली, निम्मी मालकाची आणि निम्मी बोर्डाची (ही इथल्या परवानाधारक रेसिंगची नियामक संस्था), पुढे कुत्र्याला घर शोधणाऱ्या केंद्रासाठी. ती रक्कम पुरेशी नाही, असं मला वाटतं. या खेळाभोवतीचा वादही डोळ्यांआड करू नका: न्यूझीलंडने २०२४ च्या डिसेंबरात आणि वेल्सने २०२५ च्या फेब्रुवारीत बंदीची घोषणा केली. घरच्यांना हे पटत नसेल तर निवृत्त ग्रेहाऊंड दत्तक घ्या. तो दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो, फ्लॅटमध्ये छान राहतो. फक्त बाहेर पट्टा सोडू नका, मांजर दिसली की तुमची हाक त्याला ऐकू येत नाही.

कुत्रा घ्यायचंच ठरलं तर एखाद्या सकाळी ट्रेनरला फोन करून केनेल बघायला जा. दाखवायला टाळाटाळ केली तर दुसरा ट्रेनर शोधा.