सिंथेटिक ऑइल टाकलं तर इंजिन आतून कायम स्वच्छ राहतं का, की साधं मिनरल पुरेसं आहे?

राहतं, वेळेवर बदललं तर. हा 'तर' आमच्या साडूंना आठ वर्षं पटला नाही.

साडू सांगलीचे, विश्रामबागेत घर. छोटी पेट्रोल गाडी, त्यात फुल सिंथेटिकच. आणि प्रत्येक लग्नात पंगतीत मला ऐकवणार, "तुम्ही सातारकर चिक्कू, गाडीला पण साधंच तेल पाजता." मी मिनरल टाकतो, पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल तेव्हा बदलतो. त्यांचं म्हणणं, सिंथेटिक दहा हजार चालतं. पण घर ते दुकान दोन किलोमीटर! तीन वर्षं झाली तरी दहा हजार भरेनात, म्हणून तेल तेच.

पुण्याहून येताना खंबाटकी चढताना ऑइलचा लाल दिवा लागला. लगेच गाडी बंद केली, तेवढं बरं केलं. ओढून साताऱ्याला माझ्या मेस्त्रीकडे आणली. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं तर आतल्या कॅमशाफ्टवर काकवीसारखा काळा गाळ. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं तर तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी लिंपल्यासारखी बुजलेली. मेस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून गोळा पेपरावर ठेवला. साडू बराच वेळ गप्प, मग म्हणतात, "डबा नकली असणार." डबा मीच आणून दिला होता, बिलासकट.

दोन किलोमीटरमध्ये तेल नीट तापतच नाही. पेट्रोल जळताना होणारं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं ते तिथंच राहतं. तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखी साय दिसते ती त्याचीच. घाण धरून ठेवणारं डिटर्जंट दोन्ही तेलांत असतं आणि दोन्हींत संपतं. सिंथेटिक उष्णता जास्त सोसतं, लवकर करपत नाही, गारठ्यात पटकन वर चढतं, सगळं मान्य. पण तीन वर्षं कुठलंच तेल ठेवू नये. आणि तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. घाण तेलात आहे म्हणजे तेल आपलं काम करतंय.

गाडीला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असेल तर मात्र माझं ऐकू नका. तिथं बेअरिंगपाशी साधं तेल करपतं, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच टाका. बाइकला कारचं ऑइल नको, बहुतेक बाइकचा क्लच तेलातच फिरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा बाइकच्या तेलाचा शिक्का बघा. आणि आत आधीच काकवी झाली असेल तर फ्लश, म्हणजे आतून धुवायचं औषध, मारू नका, सुटलेले गोळे जाळीतच जाऊन बसतात. चेंबर उतरवूनच साफ करा.

तुमचं रनिंग किती ते तुम्ही लिहिलंच नाही. गावातल्या गावात फिरत असाल तर पुस्तकात चालत असेल तर मिनरल टाका आणि सहा महिन्यांनी बदला. महिन्याला पुणे-मुंबई होत असेल तर सिंथेटिकचे पैसे वसूल होतील. साडू आता वर्षाला बदलतात, सिंथेटिकच. डबा नकली होता हे अजून सांगतात. बिल माझ्याकडे आहे.