वाचकांचे प्रश्न : जुन्या वाड्याच्या साहित्यातून वाचनालय

प्रश्न : आमच्या गावातील एका कुटुंबाने आपला पडका वाडा उतरवण्याचे ठरवले असून त्यातील सागवानी खांब, तुळया, मंगळुरी कौले, विटा आणि जोत्याचे घडीव दगड गावाला देऊ केले आहेत. त्यातून ग्रामपंचायतीच्या जागेवर वाचनालय आणि वृद्धांना बसण्यासाठी ओसरी बांधावी, असा आमच्या मंडळाचा विचार आहे. मात्र तयार करून घेतलेल्या आराखड्यात हे साहित्य बसत नाही, म्हणून ते विकून नवे घ्यावे, असा सल्ला मिळतो आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : साहित्य विकू नये, आराखडा बाजूला ठेवावा. नव्या साहित्याने बांधताना आधी नकाशा काढतात आणि मग माल मागवतात. जुन्या साहित्याच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो, कारण इमारतीची मापे हाती असलेल्या लाकडावरून आणि दगडावरून ठरतात. म्हणून दानपत्र आणि ग्रामसभेचा ठराव झाला, की वाडा उतरवण्यापूर्वीच प्रत्येक नगाची लांबी, जाडी आणि अवस्था वहीत नोंदवून घ्यावी.

वाडा यंत्राने पाडू नये. कौले, रिपा, वासे, तक्तपोशी (छताच्या फळ्या), तुळया आणि शेवटी खांब अशा क्रमाने तो माणसांकडून उतरवून घ्यावा आणि प्रत्येक नगावर क्रमांक टाकावा. याला वेळ आणि मजुरी अधिक लागते हे खरे. पण यंत्राने एका दिवसात पाडलेल्या वाड्यातून बहुतांशी राडारोडाच हाती येतो.

सर्वाधिक काळजी तुळयांची घ्यावी. सागाच्या नारेला, म्हणजे खोडाच्या आतल्या पक्क्या लाकडाला, वाळवी सहसा लागत नाही, पण भिंतीत गाडलेली टोके ओलाव्याने कुजलेली असतात आणि ती कापावीच लागतात. बारा फुटी तुळईचे दोन्ही बाजूंनी एकेक फूट कापले, तर दहा फूट उरते. त्यातून दोन्ही टेकूंवर नऊ-नऊ इंच बसवल्यावर मधले मोकळे अंतर साडेआठ फूट मिळते. आपल्या अभियंत्यांनी वीस फूट रुंदीची खांबविरहित खोली आखली असेल, तर जुने लाकूड तिच्यात बसणार नाही हे उघड आहे. पण वाचनालयाला तशा खोलीची गरजच काय? वाडे मुळात खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, हिशेबाने बांधले जात, आणि आठ-साडेआठ फुटांवर खांब असलेल्या खोलीत दोन खांबांमध्ये पुस्तकांचे कपाट किंवा बसण्याचा कट्टा उत्तम सामावतो. जुन्या जोडाची खाच तुळईच्या मध्यावर, खालच्या बाजूस येणार नाही, याची मात्र खात्री करावी. ताण तिथेच सर्वाधिक असतो. अखेरचा भार-हिशेब संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

विटा चुन्यात किंवा मातीत रचलेल्या असतील तर त्या सहज सुट्या होतात. सिमेंटने जोडलेल्या विटा मात्र सांधा सुटण्याआधीच फुटतात. निवडलेल्या काही विटा चोवीस तास पाण्यात भिजवाव्यात. वजनात एक पंचमांशाहून अधिक वाढ झाली, तर त्या भारवाहक भिंतीत वापरू नयेत. नवी भिंतही चुन्यातच रचावी, असे मी आग्रहाने सुचवेन, म्हणजे पुढच्या पिढीला त्या विटा पुन्हा काढता येतील.

मंगळुरी कौलांच्या खाचा कारखान्यागणिक थोड्या वेगळ्या असतात. म्हणून कौलांच्या पाठीवरचे छाप पाहून ढीग वेगळे करावेत आणि छपराच्या एका उतारावर एकाच छापाची कौले घालावीत. उरलेली कौले फेकू नयेत. वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात रुजवलेल्या पद्धतीप्रमाणे ती स्लॅबच्या खालच्या भागात, सळयांच्या मधल्या चौकोनांत बसवता येतात. तिथले काँक्रीट ताण घेत नसल्यामुळे ते तेवढे वाचते. वाचनालयाच्या स्वच्छतागृहावर असा स्लॅब घालणे शक्य आहे.

साहित्याची मापे एकसारखी नसणे हा दोष मानण्याचे कारण नाही. चीनमधील निंगबो शहराच्या परिसरातील गावे पाडली गेली, तेव्हा तिथल्या विटा आणि कौले वास्तुविशारद वांग शू यांनी २००८ मध्ये पूर्ण झालेल्या इतिहास संग्रहालयाच्या भिंतींत वापरली. वेगवेगळ्या जाडीचे तुकडे एकाच भिंतीत रचण्याचे कसब स्थानिक गवंड्यांकडे होतेच. वांग शू यांना २०१२ मध्ये वास्तुकलेतील मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आपल्या तालुक्यातही वाड्यांचे काम केलेले वयस्कर सुतार आणि गवंडी असतील. आराखडा नव्याने आखताना त्यांना अभियंत्याच्या शेजारी बसवावे.

काही गोष्टी मात्र फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. गंजलेल्या किंवा वाकवून सरळ केलेल्या सळया स्लॅबमध्ये घालू नयेत, आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापू किंवा फोडू नयेत, कारण त्यांचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. जुन्या चौकटींवरच्या तैलरंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासून धूळ उडवू नये.

प्रश्न : अंगणवाडीसमोर जुन्या टायरांची खेळणी करावीत का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : करावीत, परंतु टायर न कापता. रेडियल टायर कापला की आतल्या पोलादी तारा बाहेर येतात आणि त्या मुलांना लागतात. प्रत्येक टायरला तळाशी तीन-चार मोठी भोके पाडावीत. साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास वाढतात. जे टायर जमिनीत रोवायचे, ते मातीने ठासून भरावेत. नांदेडच्या उन्हात काळे रबर फार तापते, म्हणून फिकट रंग द्यावा आणि खेळणी झाडाच्या सावलीत मांडावीत. झोपाळ्यासाठी सुताची दोरी न वापरता साखळी लावावी, आणि तिच्या कड्या दर पावसाळ्यानंतर कोणी तपासायच्या, हे आधीच ठरवून ठेवावे.