'केस आले की बघू' म्हणत मी तीन वर्षं घालवली

डोक्यावरच्या चाईमुळे (गोल चट्ट्यांत केस जातात, ती) हैदराबादची नोकरी नाकारावी का, असं विचारलंयस. वाचून राहवलं नाही. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

चाई म्हणजे काय, ती संसर्गाने होत नाही वगैरे तुला आत्तापर्यंत दहा जणांनी सांगितलं असेल. ते सोडते.

माझी पहिली चाई उजव्या कानामागे, रुपयाएवढी. सहा महिन्यांत चार झाल्या. आधी भांग बदलला, मग टिकटॅक पिना, मग ओढणी. एसटीत खिडकी नको, हॉटेलात पंख्याखालचं टेबल नको. आईने गुंज उगाळून लावली (विषारी असते, तू नको लावूस), मावशीने कांद्याचा रस.

खरी माती खाल्ली ती पुढे. केसांच्या एका क्लिनिकात गेले, नाव घेत नाही. पांढरा कोट घातलेली काउन्सेलर समोर, डॉक्टर फक्त भिंतीवरच्या फोटोत. बारा सिटिंगचं पॅकेज, 72 हजार, हप्त्यांवर. कागदावर नुसतं 'केसगळती'. ऑटोइम्यून (शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटणं) हा शब्द कुणी उच्चारला नाही, थायरॉईड तपासायला सांगितलं नाही. वर धमकी, "एक सिटिंग चुकलं की पहिल्यापासून!" नेमकी तेव्हाच बँकेत बढती आली, बदली नागपूरला. मी लेखी नकार दिला. नवव्या सिटिंगनंतर भुवयाही गेल्या, तर म्हणे, "तुम्ही टेन्शन फार घेता." पैशांचं दुःख ओसरलं. माझ्या मागून लागलेली मुलगी आज माझी मॅनेजर आहे, ते मात्र रोज सकाळी दहाला दिसतं.

शेवटी सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी भिंगातून मुळाशी निमुळते झालेले केस पाहिले, माझ्या नखांवरचे बारीक खड्डे मलाच दाखवले. म्हणाल्या, "मुळं जिवंत आहेत, तुमच्याच पेशी त्यांच्यावर चालून जातायत. केस येतील, परत जातीलही, सांगता येत नाही." ते 'सांगता येत नाही' ऐकून मी पहिल्यांदा नीट झोपले. छोट्या चाईवर पुष्कळदा वर्षभरात आपोआप केस येतात. म्हणून तर प्रत्येकाच्या काकूंचं तेल 'लागू पडतं'!

मी डॉक्टर नाही, पण नव्या गोळ्यांबद्दल एवढंच: बॅरिसिटिनिबला गंभीर चाईसाठी अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली, पण तेवढ्यावरून ती नुसती मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची नसते. आधी टीबीची तपासणी लागते, आणि गोळी थांबवली की बऱ्याच जणांचे केस पुन्हा जातात. हैदराबादेतही त्वचारोगतज्ज्ञ आहेतच, फाईल घेऊन जा.

लग्नाचं विचारलंयस. माझं मत कडक आहे, पटलं तर घे. पहिल्याच फोनवर सांगून टाकायचं. दोन स्थळं तिथेच गळाली, आईचे पोहे वाचले. तिसऱ्याने विचारलं, "मग हेल्मेट घालताना त्रास होतो का?" त्याच्याशी लग्न झालं.

आणि हो, विग घेतलास तर आत पातळ सुती टोपी घाल, उन्हाळ्यात टाळू शिजते. ओळखपत्राचा फोटो विग घालून काढायचा, रुमाल बांधून की तसाच, हे घरूनच ठरवून जा. मी ठरवलं नव्हतं. कॅमेऱ्यावाला थांबलेला, मागे आठ जणांची रांग, आणि मी खिडकीच्या काचेत बघून विग सरळ करतेय.